प्रति: इंटरफेरॉन जास्त म्हणजे चांगलंच?

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की इंटरफेरॉन (व्हायरस शिरला की पेशी सोडतात ते इशाऱ्याचं प्रथिन) जितकं जास्त तितका व्हायरस लवकर मरतो. सुरुवातीच्या दिवसांपुरतं ठीके, पण इन्फेक्शन लांबलं की गणित उलटतं. २०१३ मध्ये उंदरांवरचे दोन प्रयोग आले होते, अंगात मुक्काम ठोकणारा एलसीएमव्ही हा उंदरांतला व्हायरस दिला आणि टाइप १ इंटरफेरॉनचा रिसेप्टरच (पेशीवरचा, त्याचा सिग्नल पकडणारा भाग) अँटिबॉडीने बंद केला, तर व्हायरस आधी वाढला आणि मग चक्क लवकर साफ झाला, कारण सतत चालू राहिलेल्या त्या सिग्नलनेच आयएल-१० अन् पीडी-एल१ हे प्रतिकारशक्तीचे ब्रेक वाढवून टी-सेल्स (व्हायरसशी लढणाऱ्या पेशी) दाबून ठेवल्या होत्या. (उंदरांतलं आहे हं, लगेच डेंगीला लावू नका.)

आमच्या कोथरूडात पावसाळ्यात घरोघरी 'इम्युनिटी बूस्टर' काढे उकळतात, तिथे विचारलं की बूस्ट नक्की काय करताय, ॲक्सिलरेटर की ब्रेक, तर काकू म्हणाल्या, आधी पी तर खरं!