अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या वडिलांविषयी काय लिहावे?

प्रश्न : क्वार्टर्समधली लेक
आमचे अण्णा मुंबई अग्निशमन दलातून निवृत्त झाले आणि गेल्या चैत्रात वारले. वर्षश्राद्धाला आप्तांच्या हाती द्यायला आम्ही भावंडे चार पानांची पुस्तिका काढणार आहोत. परंतु लिहायला बसल्यावर लक्षात आले की कोणत्या आगीत त्यांनी काय केले, हे आम्हांला ठाऊकच नाही. पाळीवरून आले की धुराचा वास मारणारे कपडे ते दाराबाहेरच काढत, अंघोळ करत आणि धाकट्याला पाढे म्हणायला बसवत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर मात्र ते आधी मागचे दार पाहून येत, आणि ते खुर्च्यांनी अडवलेले असले तर वधूवरांना भेटण्यापूर्वी स्वतः खुर्च्या हलवत. आम्हांला तेव्हा याची फार लाज वाटे. असले घरगुती तपशील अशा लेखात शोभतील का?

प्रतिसाद : निवृत्त लीडिंग फायरमन
ताई, अवश्य लिहा. अण्णांनी सांगितले नाही, याचे नवल वाटून घेऊ नका. पाणी पूर्ण दाबाने सुटले की ब्रांच, म्हणजे होजच्या (पाण्याच्या नळीच्या) टोकाची तोटी, एकट्याला आवरत नाही, मागे होज धरणारा दुसरा लागतो. त्यामुळे ‘मी आग विझवली’ असे वाक्य आमच्या तोंडी सहसा येत नाही. शिवाय दर १४ एप्रिलला आम्ही मानवंदना देतो ती १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटांत प्राण गमावलेल्या दलाच्या ६६ जणांना. फोर्ट स्टिकीन जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती, आणि दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला तेव्हा आपली माणसे तेथेच पाणी मारत होती. ते सारे ठाऊक असताना घरी येऊन फुशारकी कोण मारील?

प्रतिसाद : जवानाची सून
थोडे वेगळे मत मांडते. घरगुती आठवणी हव्यातच, पण सेवापुस्तकाची प्रत मिळवून कोणत्या केंद्रात किती वर्षे होते तेही छापा, म्हणजे नातवंडांना आधार राहील. ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे तेवढी टाळा. ती प्रत्येकाच्या निधनवार्तेत असतात. आणि आईंना विचारलेत का? कपडे धुणाऱ्या बाईला रात्र कशी गेली ते कळत असते.

क्वार्टर्समधली लेक
आईला विचारले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली तेव्हा अण्णा निवृत्त झालेले होते. त्या आगीने पुढे दलाचे चार अधिकारी नेले. आई म्हणाली, त्या रात्री ताट तसेच ठेवून ते दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून बसून राहिले, आणि पहाटे ट्रंकेतला जुना पट्टा काढून त्याचे बक्कल ब्रासो लावून घासत होते. पट्टा अजून आहे. त्याचे छायाचित्र घेते आणि खुर्च्यांचा प्रसंगही लिहिते. सेवापुस्तकाचे काम भावाने अंगावर घेतले आहे.