घट्ट वेणीने घोड्याची आयाळ वाढते, हे कुणी सांगितलं?

खरारा
सध्या एक पोस्ट सगळ्या घोडेवाल्यांत फिरतेय. आयाळीला आणि शेपटीला मुळापासून घट्ट वेण्या घाला, शेपटीवर कापडी पिशवी बांधा, तीन महिन्यांत केस दुप्पट होतील, असा दावा आहे. आमच्या पागेतल्या पोरांनी ते खरं मानून केलं. घोडीची वेणी सोडली तर शेपटीच्या हाडावरचे केस पुंजक्याने हातात आले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

केस वाढतो तो कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर लोंबतो तो निर्जीव धागा. त्याची वेणी घाला नाहीतर मोकळा सोडा, मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. वेणीने एवढंच होतं, की केस बाभळीत, कुंपणाच्या तारेत अडकून तुटत नाही. तुटणं थांबलं की लांबी टिकते आणि लोक म्हणतात, वाढला. हे कळलं नाही की माणूस वेणी आणखी आवळतो. मग मुळावर ताण येऊन होते ते केसही जातात.

शेपटीची वेणी घालायचीच असेल तर हाड संपतं त्याच्या खालून. हाडावर घट्ट पट्टी रात्रभर राहिली तर रक्त अडतं, कातडीसुद्धा सडू शकते. आणि पिशवी बांधल्यावर घोड्याने गोमाशा कशाने हाकलायच्या?

तापीकाठ
हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या मारवाडी घोडीची आयाळ खांद्याच्या खाली आलीय ती वेण्यांमुळेच. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत या, दाखवतो. तिथलं गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग चाल बघतं, मग आयाळीत हात घालतं. तुटकी आयाळ दिसली की भाव पडलाच. आमचे वडील खोबरेल चोळून सैल तिपेडी घालायचे, आठवड्याने सोडून पुन्हा घालायचे. त्यांना कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं.

खरारा
सैल घालायचे, आठवड्याने सोडायचे. मीही तेच म्हणतोय. पोस्टमध्ये घट्ट आणि तीन महिने लिहिलंय.

तापीकाठ
मुळाला पत्ता लागत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तेल चोळताना बोटं मुळाशीच फिरतात ना? त्याचा काहीच उपयोग नाही म्हणता?

पशुवैद्य_लातूर
तेलाने केस मऊ राहतो, गुंता कमी होतो, तुटत नाही. जास्त उगवत नाही. किती वाढायचं ते जात, वय आणि चाऱ्यादाण्यावर असतं. लांब, दाट आयाळीच्या परदेशी फ्रिझियन घोड्याचे व्हिडिओ बघून काठियावाडीकडून तशी आयाळ मागू नका.

माझ्याकडे शेपटीचे केस गेले म्हणून येणाऱ्यांतले बरेच घोडे शेपूट भिंतीला घासत असतात. कारण कधी चिलटांची ॲलर्जी, कधी गुदद्वाराशी अंडी घालणारे जंत. ती अंडी शेणाच्या तपासणीत सहसा सापडत नाहीत. शेपटीखाली चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. वेणी घातली की घासलेली जागा झाकली जाते आणि मालक उशिरा येतो. सगळ्यात वाईट हाल वरातीच्या घोड्यांचे. जरीच्या दोऱ्यासकट विणलेली आयाळ लग्नसराईभर कुणी सोडतच नाही.

वरातवाला_सोलापूर
ताई, कुणी सोडत नाही हे कशावरून? सगळ्यांना एका माळेत ओवू नका. वरात संपली की रात्री दोन वाजता मी आणि माझा भाऊ गोंडे काढतो, वेण्या उकलतो, मगच जेवतो. घोडा आजारी पडला तर आमची चूल बंद, त्याचे हाल आम्ही का करू?

बारामतीकर
वेण्या उकलता हे चांगलंच. पण डीजेच्या भिंतीपुढे त्याला नाचवता त्याचं काय? कानठळ्या बसतात, डांबरावर नाल घसरतात. आयाळीची काळजी त्यानंतरची.

वरातवाला_सोलापूर
डीजे आम्ही लावतो का? लावणारे तुमच्यासारखेच मालदार यजमान. आवाज कमी करा म्हटलं की पैसे कापतात. तुमच्याकडे खरारा करायला मोतद्दार आहे, शर्यतीला ट्रक आहे. आम्हाला शिकवायला येता, एकदा वरातीत लगाम धरून उभे राहा.

बारामतीकर
मोतद्दार ठेवला म्हणून घोड्याचं दुखणं मला कळत नाही का? श्रीमंतीचा विषय तुम्ही काढलात. दिसण्यापायी घोड्याला छळायची खोड सगळीकडची आहे. ब्रिटनमध्ये शेपटीचं हाडच तोडायचे, ते 1949 च्या कायद्याने बंद झालं. घोडेस्वारीच्या जागतिक महासंघाने 2021 पासून स्पर्धेतल्या घोड्यांच्या मिशा कापायला बंदी केली, कारण घोड्याला स्पर्श कळतो तो त्या मिशांनी. शेपूट हेही त्याचं हत्यार आहे, मग ती पिशवीत असो की जरीत.

वरातवाला_सोलापूर
जरी मी शेपटीला बांधतच नाही. फक्त आयाळीला, तीही सुती दोऱ्यावर. ती बारीक रबरं केस कापतात, ती मी कधीच फेकली.

पशुवैद्य_लातूर
दादा, तुम्ही उकलता हे मान्य. माझ्यापर्यंत येतात ते न उकललेले, म्हणून तसं लिहिलं. ओल्या केसांची वेणी तेवढी घालू नका. वाळताना ती आवळते आणि पावसाळ्यात आत बुरशी धरते.

खरारा
डीजेवर हवा तर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे प्रश्न त्या पोस्टचा आहे. ती वाचून आजही कुणीतरी हाडावर वेणी आवळत असेल.

तापीकाठ
शेपटीचं तुमचं खरं धरतो. आमच्यातही शेपटीला कुणी वेणी घालत नाही, नुसती बोटांनी टोकाकडून वर सोडवत जातात. पिशवीचं तर नावच नको, तापीकाठच्या माशा तुम्ही बघितल्या नाहीत. पण आयाळीच्या सैल वेणीला नावं ठेवलेली ऐकून घेणार नाही, आणि खोबरेलाला तर मुळीच नाही.