मोटरहोममधलं कॉफीचं यंत्र: कोणतं घ्यावं, कुठे ठेवावं (अनुभव धागा)

मोटरहोमसाठी कॉफीचं यंत्र निवडताना बहुतेक जण चवीपासून सुरुवात करतात. इथे उलट जाऊ या. तुमचं यंत्र उष्णता कुठून घेतं (गॅस, बॅटरी की गाड्या मुक्कामाला थांबतात त्या तळावरची वीज), धुण्यात किती पाणी खातं आणि गाडी सुटली की नेमकं कुठे बसतं, एवढं लिहा. वॅट, ग्रॅम, मिलिलिटर आले तर उत्तम. ‘माझीच कॉफी खरी’ हा वाद दुसरीकडे. (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तारवाला

आधी हिशेब. अर्धा लिटर पाणी १५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला साधारण १६७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ४६ वॅट-तास. वाया जाणारी उष्णता धरून ६० म्हणा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे जेमतेम पाच अँपिअर-तास. तेव्हा कॉफीने बॅटरी संपते हे खरं नाही. अडचण आहे ती एका दमात किती ओढलं जातं याची.

१५०० वॅटचं यंत्र १२ व्होल्टवर १२५ अँपिअर मागतं. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १४०च्या आसपास. एवढ्या ओढीखाली लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज बसतं आणि बॅटरी अर्धी भरलेली असूनही इन्व्हर्टर भोंगा वाजवून बंद पडतो. लिथियमचं व्होल्टेज बसत नाही, पण १०० अँपिअर-तासाची एकच बॅटरी असेल तर तिचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं आतलं सर्किट) अनेकदा १०० अँपिअरलाच तोडतो. यंत्र घेण्याआधी बॅटरीच्या माहितीपत्रकात ‘सतत देता येणारा प्रवाह’ हा आकडा बघा. अँपिअर-तासांचा आकडा इथे कामाचा नाही.

वायर जाड आणि आखूड हवी. दीड मीटरच्या आत असेल तरी १४० अँपिअरला ५० चौरस मिमीच्या खाली जाऊ नका. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच. लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) नीट दाबलेला नसेल तर आधी तोच तापतो. यंत्र चालू असताना लगजवळ हात धरून बघा, ऊब लागली तर जोड पुन्हा करा.

माझा सल्ला: ७०० वॅटच्या आसपासची लहान किटली घ्या आणि कॉफी हाताने करा. ओढ ६५ अँपिअरवर येते आणि अर्धा लिटर पाच मिनिटांत उकळतं.

सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या यंत्रांबद्दल थोडक्यात: त्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअर, म्हणजे फार तर १८० वॅट. अर्धा लिटर तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर प्लग चटका बसेल इतका तापलेला असतो. एक कपापुरतं ठीक, त्यापुढे नाही.

आणि एक, जे कुणी मोजत नाही. मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता १०-२० वॅट खात बसतो. १५ वॅट धरले तर २४ तासांत ३६० वॅट-तास. म्हणजे सहा वेळा अर्धा-अर्धा लिटर पाणी उकळेल एवढी वीज नुसता इन्व्हर्टर चालू राहिल्याने गेली. कॉफी झाली की तो बंद.

> दुधाळ: साध्या, म्हणजे मॉडिफाइड साइन वेव्ह इन्व्हर्टरवर चालेल का?
>
> तारवाला: नुसतं तापणारं कॉइल आणि यांत्रिक स्विच असेल तर चालतं. पंप, टायमर किंवा स्पर्शाची बटणं असतील तर नको. कॅप्सूल यंत्रातला (एकेका कपाच्या पुडीची बंद डबी घालून बटण दाबायचं, ते यंत्र) पंप विजेच्या लहरीबरोबरच मागेपुढे होतो. लहर चौकोनी मिळाली की तो खडखडतो, तापतो आणि दाब कमी देतो. तिथे प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाराच.

मंद आच

गॅसवर मोका पॉट, म्हणजे खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारी लहान किटली. इटलीत १९३३मध्ये आलेली ही रचना आजही जवळपास तशीच आहे, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. वायसर, जाळी, नरसाळं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, एवढेच भाग.

तीन (लहान) कपांच्या आकाराला साधारण १५० मिली पाणी आणि १५ ग्रॅमच्या आसपास पूड लागते. पाणी व्हॉल्व्हच्या खालच्या कडेपर्यंत, वर नाही. पूड टोपलीच्या काठापर्यंत भरायची, बोटाने सपाट करायची, दाबायची नाही. काठावर सांडलेले कण पुसा. वायसर नीट न बसायचं आणि आट्यांतून वाफ निसटायचं नेहमीचं कारण तेच. आच मंद, झाकण उघडं. धार फिकट व्हायला लागली आणि फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवा.

मोका अर्ध्या मापाने चालत नाही. एकट्याने पिणार असाल तर तीन कपांचं घ्या, सहाचं घेऊन निम्मं भरू नका. मोटरहोमच्या शेगडीची जाळी मोठ्या भांड्यांसाठी असते, त्यामुळे लहान मोका तिच्या दांड्यांमधून डुगडुगतो. वर एक चपटी पोलादी जाळी ठेवली की प्रश्न मिटतो.

गाडी तिरकी उभी असेल तर खालचं पाणी एका बाजूला जातं, नरसाळ्याचं टोक लवकर उघडं पडतं आणि वेळेआधीच फुरफुर सुरू होते. खाली पाणी उरलेलं दिसलं तर दोष पुडीचा समजू नका, आधी गाडी समपातळीत आहे का बघा.

ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही, त्यासाठी स्टीलचाच हवा. ठेवताना तिन्ही भाग कोरडे करून सैल जोडा. घट्ट पिळून ठेवलात तर वायसर चपटं होतं आणि आतली ओल ॲल्युमिनियमला करडे डाग पाडते. एक जादा वायसर शेगडीच्या लायटरशेजारी ठेवा. ते अमुक दिवसांनी नाही, कडक झालं की बदलायचं.

थंडीत शेगडी मरगळली तर सिलिंडरमध्ये काय आहे ते बघा. ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. आणि कितीही गारठा असो, शेगडी पेटली की छताची खिडकी थोडी उघडीच. गाडी गरम करायला बर्नर लावू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थेंब थेंब

वर वीज आणि गॅस आले, पण पाण्याचं कुणी बोललं नाही. तळाबाहेर दोन-तीन दिवस राहायचं तर स्वच्छ पाणी संपणं आणि सांडपाण्याची टाकी भरणं याच खऱ्या मर्यादा.

या हिशेबात एरोप्रेसच्या (नळीत पूड आणि पाणी घालून दट्ट्याने कॉफी खाली कपात दाबायची, त्याच्या) जवळ काही येत नाही. १५ ते १८ ग्रॅम पूड, २०० मिली पाणी, दीड मिनिट थांबा, अर्धं मिनिट सावकाश दाबा. झाकण काढून दट्ट्या पुढे ढकलला की चोथ्याची कोरडी वडी थेट कचऱ्यात. रबर पुसून घेतलं, एक घोट पाणी फिरवलं, धुणं संपलं. ५० मिलीसुद्धा लागत नाही. फ्रेंच प्रेसला (भांड्यात मुरलेली पूड जाळीच्या दट्ट्याने तळाशी दाबायची, त्याला) त्याच कामाला पाऊण लिटर जातं आणि जाळीच्या तीन थरांत अडकलेला चोथा उरतोच.

ठेवताना दट्ट्या एक तर पूर्ण बाहेर काढा, नाहीतर नळीच्या पार आरपार ढकलून ठेवा. अधेमधे ठेवला की रबर दबून आकाराने लहान होतं, मग कडेने कॉफी वर येते. दाबताना कप जाड बुडाचा हवा. घडीचे सिलिकॉनचे कप दबतात. उलटी करून भरायची पद्धत घरी ठीक, हलणाऱ्या गाडीत नको: आत २०० मिली उकळतं पाणी असतं आणि उभं राहायला दट्ट्याचं चिमुकलं बूड.

चोथा सिंकमध्ये अजिबात नाही. तो वाहून जात नाही, वाकड्या पाइपात बसतो. तिथून निसटलाच तर सांडपाण्याच्या टाकीच्या तळाशी थर करतो आणि पातळी दाखवणाऱ्या सेन्सरवर चिकटतो. मग टाकी रिकामी करूनही पॅनेल ‘पाऊण भरली’ दाखवत राहतं.

> जाडसर: फ्रेंच प्रेसवर एवढा राग नको. चौघांना एकदम द्यायची तर एरोप्रेसची रांग लागते. दुहेरी भिंतीचा स्टीलचा घ्या, काचेचा नाही. ५०० मिलीला ३० ग्रॅम, दळण जाडं रवाळ, चार मिनिटं. धुताना आधी १०० मिली पाणी घालून घुसळा आणि बारीक गाळणीतून ओता. चोथा गाळणीत राहतो, तो कचऱ्यात. उरलेल्याला २०० मिली पुरे. पाऊण लिटर लागतं ते थेट नळाखाली धरणाऱ्यांना.

खांबाची वीज

नेहमी तळावर जोडणी घेऊनच राहणाऱ्यांसाठी ड्रिप यंत्र (गरम पाणी पुडीवर ठिबकवून खालच्या भांड्यात कॉफी गाळणारं) सोयीचं, पण काचेचं भांडं आणि तापपट्टी असलेलं घेऊ नका. थर्मास-भांडं असलेलं घ्या. काच फुटायची भीती नाही, तापपट्टीची वीज वाचते, आणि पट्टीवर बसून कॉफी करपट होते तेही टळतं.

तळावरच्या वीजजोडणीच्या खांबावर किती अँपिअर मिळतात ते आधी विचारा. युरोपात बऱ्याच तळांवर ६ अँपिअरचीच जोडणी असते: २३० व्होल्टला १३८० वॅट. १५०० वॅटचं यंत्र एकटंच तिला जड जातं, त्यात फ्रिज आणि बॅटरी चार्जर चालू असतातच. उत्तर अमेरिकेत ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॅट. भरपूर वाटतं, पण वातानुकूलन, पाणी तापवायचं कॉइल आणि कॉफी एकत्र आली की ब्रेकर पडतो. कॉफीपुरतं पाण्याचं कॉइल बंद करायचं.

बटणवाला

कॅप्सूल यंत्राची बाजू मांडतो. धुणं जवळजवळ शून्य, माप चुकत नाही, अर्धवट झोपेतही जमतं. किंमत मोजावी लागते ती कचऱ्याच्या जागेत आणि आत अडकलेल्या पाण्यात.

गाडी हलण्याआधी तीन जागा रिकाम्या करायच्या: मागची टाकी, खालचा ट्रे, वापरलेल्या कॅप्सूलचा डबा. तिसरी जागा लोक विसरतात आणि पहिल्या वळणावर कपाटात तपकिरी पाणी.

हिवाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर एवढ्याने भागत नाही. पंप आणि बॉयलरमध्ये पाणी उरतंच. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि आतली नळी नाहीतर जोड फाटतो. वसंतात चालू केलं की बुडातून गळती. बहुतेक यंत्रांना आतलं पाणी वाफेने बाहेर काढायची सोय असते, माहितीपत्रकात बटणांचा क्रम दिलेला असतो. तो क्रम एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या बुडाला चिकटवा. सोय नसेल तर थंडीत यंत्र घरात न्या.

खालचा कप्पा

ठेवण्याबद्दल सगळ्यांनी ओझरतं लिहिलंय, मी सविस्तर लिहितो. यंत्र दुकानात आवडलं तरी आधी टेप काढा. तीन उंच्या मोजायच्या: बंद झाकणाची, उघड्या झाकणाची आणि कप्प्याच्या दाराच्या चौकटीची. कप्पा आतून ३५ सेंमी असतो, पण चौकट ३१च असते, आणि यंत्र आत जातच नाही.

वजनदार वस्तू खाली, शक्यतो चाकांच्या अक्षांमधल्या कपाटात. वरच्या कप्प्यात एरोप्रेस, गाळणीचे कागद, कप एवढंच. जोरात ब्रेक लागला की चार किलोचं यंत्र जवळपास तीन किलोच्या जोराने पुढे ढकललं जातं, आणि वरच्या कप्प्याची कडी तेवढ्याने उघडू शकते. खाली ती वस्तू फार तर दारावर आपटते.

रबरी चटई घसरणं थांबवते, उलटणं नाही. उंच आणि अरुंद यंत्राला बुडापासून दोन तृतीयांश उंचीवर पट्टा हवा. लवचीक दोरी ताणली जाते, म्हणून बकलचा न ताणणारा पट्टा घ्या आणि कपाटाच्या पाठीला नाही, पाठीमागच्या आडव्या लाकडाला स्क्रू करा. पाठीची फळी तीन मिमीची असते, स्क्रू उपटून येतो. खालच्या कप्प्यातून गरम हवेचा पाइप जात असेल तर प्लास्टिकचं यंत्र त्याला टेकवू नका.

यंत्र ओट्यावर कायमचं बसवायचा मोह होतो. बसवा, पण वापरताना वरच्या कपाटाखालून पुढे ओढता आलं पाहिजे. रोजची वाफ एकाच जागी लागली की प्लायच्या कडेचं लॅमिनेट फुगतं आणि तिथून सुटायला लागतं.

दळायची हातचक्की असेल तर तिच्या दळणाचा आकडा लिहून ठेवा. रस्त्याच्या हादऱ्यांनी नट फिरतो. पूर्ण बंद स्थितीपासून किती टिकटिक (नट फिरवताना वाजणारे खटके) मागे, एवढं लिहिलं की पुरतं.

चढणीवाली

उंचीवर कॉफी पाणचट का लागते, तर १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं आणि ३००० मीटरवर ९०च्या. ‘उकळल्यावर अर्धं मिनिट थांबा’ हा नियम तिथे सोडा, थेट उकळतं ओता. दळण एक-दोन टिकटिक बारीक करा, अर्धं मिनिट जास्त मुरू द्या, कप आधी गरम करा. एवढ्याने बराच फरक पडतो.

दुधाळ

टाकीतल्या पाण्याचं राहिलं. टाकी निर्जंतुक केल्यावर क्लोरीनचा वास कॉफीत उतरतो, तेव्हा कॉफीसाठी सक्रिय कार्बनच्या गाळणीचं पाणी किंवा वेगळा पाच लिटरचा कॅन ठेवा. जागोजागी पाणी भरलं की कधी ना कधी क्षारांचं जड पाणी येणारच. किटलीत पांढरा थर दिसला की लिटरला १५-२० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, कोमट करून २० मिनिटं, मग दोनदा साधं पाणी. मोकाच्या व्हॉल्व्हचा मधला खिळा मात्र थर दिसायची वाट न बघता अधूनमधून दाबून बघा, तो मोकळा हलला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ॲसिड मुरत ठेवू नका, धातू खाल्ला जातो.