के-१ की सीआर-१? साखरपुड्यातच अक्षता टाकायचा घरच्यांचा विचार आहे

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय. मुलगा जन्मानं अमेरिकन नागरिक आहे, न्यू जर्सीत नोकरीला. याद्या झाल्यात. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर आहे आणि त्यासाठी तो तीन आठवड्यांची सुट्टी काढून येतोय. मला कायमचं तिकडं जायचंय, पण के-१ नं की सीआर-१ नं (म्हणजे नागरिकाशी लग्न झालेल्या जोडीदाराच्या व्हिसानं) ते ठरत नाहीये.

एका एजंटानं सांगितलं, के-१ म्हणजे वाग्दत्त वधूचा व्हिसा लवकर मिळतो. म्हणून घरचे म्हणतात, साखरपुड्यालाच अक्षता टाकून घेऊ आणि नोंदणी करायची नाही. म्हणजे कागदावर मी अविवाहित आणि के-१ ला मोकळी. हे चालेल का? माझ्याकडं आधीचा दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसाही आहे. त्यावर जाऊन तिथंच लग्न केलं तर? माझ्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोरा आहे, त्याचं काय करायचं तेही सांगा.

पंचगंगा_घाट

ताई, आधी अक्षतांचं बोलतो, कारण तिथं झालेली चूक नंतर फॉर्म भरून दुरुस्त होत नाही.

के-१ साठी अर्ज करताना आणि व्हिसा मिळेपर्यंत दोघंही अविवाहित असावे लागतात. लग्न झालं की नाही हे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं नोंदणीवरून ठरवत नाही. जिथं लग्न लागलं तिथल्या कायद्यानं ते वैध आहे का, हे बघतं. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे रूढीनुसार विधी झाले की लग्न झालं, आणि सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. कलम ८ ची नोंदणी हा फक्त पुरावा. नोंदणी नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. म्हणजे अक्षता पडल्या, सप्तपदी झाली आणि तुम्ही के-१ च्या अर्जावर 'अविवाहित' लिहिलं, तर ते खोटं विधान ठरतं.

हे उघडकीला येतं ते फोटोंतून. नातं खरं आहे हे दाखवायला फोटो द्यावेच लागतात, आणि त्यात मुंडावळ्या, अंतरपाट, गळ्यात मंगळसूत्र दिसलं की मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातला अधिकारी विचारणारच. आपल्याकडची लग्नं त्यांनी भरपूर पाहिलेली असतात. बरं झालं तर अर्ज नामंजुरीची शिफारस लागून अमेरिकेला परत जातो आणि सगळं वेळापत्रक पहिल्यापासून सुरू होतं. माहिती जाणूनबुजून लपवली असा शेरा बसला तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते, आणि ती उठवायला वेगळा माफीचा अर्ज करावा लागतो.

अर्धवट विधींचा धोका उलट बाजूनंही आहे. नुसत्या अक्षता टाकल्या, सप्तपदी केली नाही, कागद काही नाही, तर के-१ साठी तुम्ही 'लग्न झालेल्या' दिसता आणि सीआर-१ साठी लग्नाचा पुरावा नसतो. दोन्ही दारं अडतात. विधी न करताच हिंदू विवाहाचं प्रमाणपत्र काढून ठेवणं हाही उपाय नाही. विधींशिवाय नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

तेव्हा एक काहीतरी ठरवा. साखरपुडा केलात तर अंगठ्या, ओटी, पेढे एवढ्यावर थांबायचं आणि के-१ कडं जायचं. नाहीतर लग्न पुरतं लावायचं, नोंदवायचं आणि सीआर-१ चा अर्ज करायचा. तुमच्या माहितीवरून मी दुसरं सुचवेन.

शाहूपुरीकर

खर्चाचं गणित मांडतो. २०२४ च्या शुल्कवाढीनंतरचे आकडे आहेत, भरण्याआधी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

सीआर-१ मध्ये नवरा आय-१३० (बायकोसाठीचा अर्ज) भरतो, ऑनलाइन ६२५ डॉलर (कागदी अर्ज ६७५). पुढं नॅशनल व्हिसा सेंटरकडं ३२५ आणि १२०. व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डासाठी २३५. एकूण १,३०५ डॉलर.

के-१ मध्ये आय-१२९एफ (वाग्दत्त वधूसाठीचा अर्ज) ६७५, व्हिसा शुल्क २६५, आणि तिकडं गेल्यावर ९० दिवसांत लग्न करून ग्रीन कार्डासाठी आय-४८५ चे १,४४०. झाले २,३८०. ग्रीन कार्ड येईपर्यंत कामाची परवानगी हवी तर आणखी २६०, आणि मध्येच भारतात यायचं तर प्रवास परवान्याचे ६३०.

पैशापेक्षा मोठा फरक पुढचा आहे. सीआर-१ वर उतरताच तुम्ही कायम रहिवासी. पासपोर्टवरचा व्हिसा शिक्का बसल्यावर वर्षभर ग्रीन कार्डासारखा चालतो, दुसऱ्या दिवशी नोकरी धरता येते. के-१ वर लग्नानंतर काही महिने कामाविना घरी बसावं लागतं. प्रवास परवाना हातात नसताना देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. इकडं आईवडिलांचं दुखणंखुपणं निघालं तर त्या काळात येता येत नाही. हे एजंट सांगत नाहीत.

'के-१ लवकर' हे जुनं गणित आहे. आज दोन्हीकडं वर्षभर किंवा त्याहून जास्त धरून चाला.

रंकाळा_संध्याकाळ

के-१ अगदीच टाकाऊ नाही. लग्न अमेरिकेतच व्हायला हवं असेल, उदाहरणार्थ मुलाचे आजीआजोबा प्रवास करू शकत नाहीत, तर तो मार्ग बरोबर. आधीच्या लग्नातलं १८ ते २० वयाचं मूल असेल तरीही के-१ बरा, कारण सावत्र मूल म्हणून अर्ज करायला आईचं लग्न मूल १८ चं व्हायच्या आत झालेलं लागतं, तर के-१ सोबतचा के-२ व्हिसा २१ च्या आतल्या मुलाला मिळतो. शिवाय अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. फक्त व्हिडिओ कॉलवर ठरलेल्या स्थळांची अडचण इथंच होते.

टूरिस्ट व्हिसाचा विचार मात्र आजच सोडा. तिथं राहायचं मनात धरून टूरिस्ट म्हणून उतरणं म्हणजे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खोटं सांगणं. उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करून तिथंच राहिलात, तर येतानाच हेतू लपवला होता असं दूतावास गृहीत धरू शकतो. आय-१३० प्रलंबित असताना नवऱ्याला भेटायला जाणं वेगळं. त्याला बंदी नाही. परतीचं तिकीट, ऑफिसचं रजेचं पत्र जवळ ठेवा, विचारलं तर अर्ज प्रलंबित आहे हे खरं सांगा. तरीही परत पाठवायचा अधिकार त्यांना आहे, हे धरूनच तिकीट काढा.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा) चं कुणी सुचवलं तर, सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नव्या अर्जावर कंपनीला एक लाख डॉलर भरायला सांगितलं होतं. नवरा नागरिक असताना त्या लॉटरीत कशाला शिरायचं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

खूप आभार. म्हणजे सीआर-१. पण तीन आठवड्यांत लग्न आणि नोंदणी दोन्ही बसेल का? कोर्ट मॅरेजला महिना लागतो म्हणतात.

पंचगंगा_घाट

बसेल, पण मार्ग नीट निवडा. तुम्ही ज्याला कोर्ट मॅरेज म्हणता ते विशेष विवाह कायद्याखालचं. त्यात दोघांपैकी एक जण नोटिशीआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला लागतो. तुम्ही कोल्हापूरच्याच, त्यामुळं ते झालं. पण नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होते. मुलगा उतरल्यावर नोटीस दिली तर त्याची सुट्टी संपून जाईल. तो यायच्या आधीच नोटीस देता येईल का, परदेशी नागरिकाची कोणती कागदपत्रं आणि अविवाहित असल्याचं कसलं शपथपत्र लागेल, हे विवाह अधिकाऱ्याकडं आत्ताच जाऊन विचारा.

दुसरा मार्ग आपल्या भागात रुळलेला. यादी पे शादी! साखरपुड्याच्याच दिवशी विधीवत पूर्ण लग्न लावा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त असतातच. मग महापालिकेत १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली नोंद करा. नमुना 'ड' मध्ये अर्ज, दोघं स्वतः हजर, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, लग्नपत्रिका आणि विधींचा फोटो. मिळतं ते नमुना 'ई' प्रमाणपत्र. मुलगा परदेशी पासपोर्टवर असल्यानं तिथंही आधी चौकशी करून ठेवा, आणि लग्न पहिल्या आठवड्यात घ्या म्हणजे तो परतायच्या आत प्रमाणपत्र हातात येईल.

प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, लग्नाची आणि नोंदणीची. आय-१३० आणि डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये लग्नाची तारीख टाकायची. एका फॉर्मवर ही आणि दुसऱ्यावर ती, असं झालं की विनाकारण प्रश्न निघतात.

कागल_नाका

जन्मदाखल्याचं सांगतो. रकाना कोरा असणं अगदी नेहमीचं आहे. दवाखाना जन्म कळवतो तेव्हा बारसं झालेलं नसतं. तुमचा जन्म शहरात असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीत शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार दाखवून नाव चढवून घ्या. हे काम आजच सुरू करा, आय-१३० मंजूर व्हायची वाट बघू नका. आईवडिलांची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नोंदच सापडत नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला आणि सोबत आईवडिलांची शपथपत्रं लागतात.

दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्याला नोटरीची गरज नसते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकारानं नाव, पत्ता, सही, तारखेसह लिहून द्यायचं. स्वतः करू नका, तिसऱ्या माणसाकडून घ्या.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट खात्याचंच लागतं, पोलीस ठाण्यातला चारित्र्याचा दाखला चालत नाही. अर्ज पासपोर्टच्या संकेतस्थळावर, शुल्क ५०० रुपये, आणि कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पडताळणीत वेळ जातो. वयाच्या १६ नंतर दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलंही आणावं लागेल.

वैद्यकीय तपासणी मुंबईत, दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांकडंच, आणि मुलाखतीची तारीख आल्यावर. ती साधारण सहा महिने धरतात. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाचा जुना डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरच्या निकालाला आठ आठवडे लागू शकतात. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, नोकरीचा राजीनामाही देऊ नका.

शाहूपुरीकर

मुलाच्या बाजूचं एक राहिलं. आय-८६४ म्हणजे तुमच्या पोषणाची हमी. दोघांच्या कुटुंबाला २०२५ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न लागत होतं. आकडा दरवर्षी बदलतो. आईवडील त्याच्या टॅक्समध्ये अवलंबून दाखवले असतील तर माणसं वाढतात आणि आकडाही. उत्पन्न चालू वर्षाचं बघतात, त्यामुळं नोकरी नवी असली तरी पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र जोडून भागतं. कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. पण त्याला नीट समजावून सांगा. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा तुमच्या कामाच्या ४० तिमाही भरेपर्यंत ही हमी सुटत नाही, घटस्फोटानंही नाही.

ठरवून केलेल्या लग्नात ओळख थोडी असते, म्हणून पुरावे आतापासून गोळा करा. याद्यांची बैठक, कार्यालयाची पावती, त्याचं तिकीट आणि पासपोर्टवरचे शिक्के, दर महिन्याची दोन-चार पानं चॅट. हजार पानं कुणी वाचत नाही. फोटोत दोन्हीकडची माणसं दिसू द्या, जोडीनं अंबाबाईला, जोतिबाला गेलात तर तेही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

शेवटचं विचारते. आडनाव लग्नानंतर लगेच बदलू का?

कागल_नाका

ग्रीन कार्डावर पासपोर्टावरचं नाव येतं. तिकडं सासरचं नाव हवं असेल तर लग्नानंतर लगेच पासपोर्ट बदला आणि पुढचं सगळं नव्या नावानं करा, आय-१३० वर 'पूर्वीची नावं' या रकान्यात माहेरचं नाव लिहून. नको असेल तर माहेरचंच ठेवा, कायद्यानं बंधन नाही. अर्ज एका नावानं आणि मुलाखतीला पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, एवढं मात्र टाळा. दहावीच्या प्रमाणपत्रात मधलं नाव वडिलांचं असतं, त्यानं काही अडत नाही.

शाहूपुरीकर

आणि तारखेवर लक्ष ठेवा. अमेरिकेत उतराल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अट काढून घ्यायचा अर्ज) भरावा लागतो, ७५० डॉलर. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर आयआर-१ म्हणून थेट दहा वर्षांचं. व्हिसा हातात पडला तेव्हा लग्नाचा दुसरा वाढदिवस महिनाभरावर आला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तेवढं थांबून जा. उतरताना अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवा आणि वर्ग बदलून घ्या, तो आपोआप बदलत नाही.