भूगोल ४० मार्कांचा, मग अवांतर वाचन कशाला?

घाटवाट:
पुतण्या दहावीत आहे. ब्राझीलच्या ईशान्येला 'अवर्षण चतुष्कोन' का, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. उच्चभूमी समुद्रावरचे वारे अडवते, पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे पाऊस कमी. म्हटलं, आपल्या सातारच्या माण तालुक्यात टँकर का लागतात रे? तर म्हणे, "सरकार लक्ष देत नाही म्हणून." माणमधल्या दहिवडीहून महाबळेश्वर सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे पाचशेच्या आसपास. कारण तेच, फक्त डोंगर सह्याद्रीचा. भारत-ब्राझील तुलनेचं पुस्तक वाईट नाही, पण नववी-दहावीच्या पोरांना त्यापलीकडचं मिळायला हवं. मॉन्सून, नद्या, खडक, प्रवासवर्णनं, काहीही.

सकाळचा डबा:
दादा, माझी लेक साडेसहाला घर सोडते. शाळा आणि क्लास करून परत येते तेव्हा सात वाजलेले असतात. वाचणार कधी? २०२० साली लॉकडाऊनमध्ये दहावीचा भूगोलाचाच पेपर रद्द झाला, बाकी विषयांच्या सरासरीवर मार्क दिले. कुणाचं काही अडलं? गणितात पाच मार्क गेले की मात्र अडतं.

घाटवाट:
कुणाचं अडलं नाही, हेच तर खुपतं.

तिरपा डोळा:
अवांतर वाचन शाळेने मनावर घेतलं की त्याचा प्रकल्प होतो, आणि प्रकल्प आईबाप करतात. आमच्या घरी ज्वालामुखी मीच केला होता. खायचा सोडा आणि व्हिनेगर. पोरगा टीव्ही बघत होता.

खडूफळा:
नववीला भूगोल शिकवतो. पुस्तकं वाटून पाहिली, निम्मी न उघडता परत आली. मग आमच्या भागाचा स्थलनिर्देशक नकाशा बाकावर पसरला. प्रमाण १:५०,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. त्या जितक्या जवळ, तितका उतार तीव्र. सगळे आधी आपली वाडी शोधायला लागले. एक मुलगी बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे रेषा चिकटल्यात. आमचं घर यांच्या खालीच आहे." वर्ग गप्प झाला. दरडीखाली गेलेलं २०१४ चं माळीण, २०२३ ची इर्शाळवाडी मला सांगावी लागली नाही, तीच बोलली. पुढच्या आठवड्यात दरडींवर वाचायला काही आहे का, असं विचारत आली.

सकाळचा डबा:
सर, हे छानच. पण हे तुम्ही वर्गात, शाळेच्या वेळेत केलंत. धागा म्हणतोय घरी वाचा. ओझं पुन्हा मुलांवरच ना?

घाटवाट:
हे मान्य. मी उलट्या टोकाने सुरुवात केली. पण ती मुलगी शेवटी वाचायलाच आली, तेवढं माझ्या बाजूने धरा.

तिरपा डोळा:
चाळीस पोरांतली एक.

खडूफळा:
दोन. दुसऱ्याला नकाशातल्या विहिरी मोजायच्या होत्या.

सकाळचा डबा:
तो नकाशा मिळतो कुठे? आमचं गाव पोलादपूरकडचं आहे.

खडूफळा:
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर. फुकट उतरवता येतो.

सकाळचा डबा:
बघते. पण मार्चनंतर हं.