शब्दचर्चा : बातम्यांचा चाळा, बातम्यांचे पथ्य

रेघोट्या
साथीच्या काळात लोक बातम्या कशा पाहतात, यावरच्या लेखासाठी तीन शब्द अडले आहेत : इन्फोडेमिक (साथीसारखा पसरणारा माहितीचा अतिरेक), डूमस्क्रोलिंग (पडद्यावर वाईट बातम्या एकामागून एक पाहत राहणे), न्यूज अव्हॉयडन्स (बातम्या मुद्दाम टाळणे). शेवटच्यासाठी 'वृत्तपराङ्मुखता' सुचलाय, पण तो उच्चारतानाच वाचक पराङ्मुख होईल.

खिळेजुळारी
इन्फोडेमिक हा २००३ चा, सार्सच्या वेळचा शब्द. डेव्हिड रॉथकॉफ यांनी वॉशिंग्टन पोस्टमधल्या लेखात तो वापरला. सर्वतोमुखी झाला १५ फेब्रुवारी २०२० नंतर, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस म्युनिकच्या परिषदेत तो बोलल्यावर.
'खोट्या बातम्यांची साथ' म्हणू नका. संघटनेच्या व्याख्येत खरी-खोटी दोन्ही माहिती येते. रोग आहे तो अतिरेकाचा. 'माहितीचा पूर' चालला असता, पण पूर माणसाकडून माणसाला लागत नाही.
'माहितीसाथ' या समासात वेगळीच गंमत आहे. साथ म्हणजे सोबतही. 'माहितीची साथ मिळाली' म्हटले की अर्थ उलटा होतो, म्हणून निर्णय क्रियापदावर सोडायचा : साथ आली, पसरली, ओसरली. 'मिळणे' आणि 'देणे' या शब्दाजवळ फिरकू देऊ नये.

ओळंबा
डूमस्क्रोलिंगसाठी 'विनाशसरकवणी'छाप शब्द पाहिले आहेत. त्यात 'डूम'चे भाषांतर होते, खोड निसटते. मराठीत पेपर चाळतात. पण चाळण्याला शेवटचे पान असते, पडद्याला नसते. बोट वर सरकत राहते, खाली नवे येत राहते. त्याला चाळा म्हणावे : 'वाईट बातम्यांचा चाळा लागला'. छंदात आनंद असतो, व्यसन म्हटले की निदान होते. चाळ्यात मन नसतानाही हात चालतो, आणि इथे नेमके तेच घडते.
एकवचन मात्र सोडू नका. 'बातम्यांचे चाळे' म्हणजे भलतेच काही.

रेघोट्या
'चाळा' घेतला. आणि टाळण्याचे काय? 'कानाडोळा' कसा वाटतो?

तिसरा कंस
नाही. कानाडोळा करायला गोष्ट आधी कळलेली लागते, आणि इथे ती कळूच नये म्हणून खटपट असते. 'पाठ फिरवणे' यात ठपका आहे.
रॉयटर्स इन्स्टिट्यूट या पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत बातम्या मुद्दाम टाळता का, असे विचारतात. 'अनेकदा' किंवा 'कधी कधी' म्हणणारे २०१७ मध्ये २९ टक्के होते, २०२२ मध्ये ३८. रस नाही म्हणून न पाहणारा वेगळा. तेव्हा 'बातम्या न पाहणारे' असे लिहिलेत तर आकडा चुकीच्या माणसांना चिकटेल. 'मुद्दाम' ठेवाच.
त्यातही दोन प्रकार. पूर्ण बंद केले तर लंघन. ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणचे, ठरावीक मापाने घेतले तर पथ्य. मार्च २०२० मध्ये आरोग्य संघटनेने दिलेला सल्ला पथ्याचाच होता : घाबरवणाऱ्या बातम्या कमी करा, विश्वासू ठिकाणची माहिती दिवसातून एक-दोनदा, ठरल्या वेळी घ्या. व्यवहारात म्हणजे फोनवरच्या सूचना बंद, आरोग्य खात्याचे पत्रक थेट वाचायचे, आणि झोपण्याआधी काही नाही. लंघन लांबले की नियम बदललेला, लशीची तारीख आलेली, काहीच कळत नाही.

खिळेजुळारी
पथ्य उत्तम, पण षष्ठी जपा. 'बातम्यांचे पथ्य' हे पत्रकारांनी पाळायचे संकेत असेही वाचले जाईल. मथळ्यात ठीक, मजकुरात 'बातम्या पाहण्याचे पथ्य' लिहा.

ओळंबा
पथ्यावर लिहिताय तर आकड्यांचे शब्दही तपासा. 'एकूण बाधित' हा आकडा बेरजेचा, तो रोज वाढतो किंवा थांबतो. कमी होऊ शकतो तो 'उपचाराधीन'. 'एकूण आकडा पुन्हा वाढला' या मथळ्यात बातमीच नसते. सुट्टीच्या दिवसांत नोंदी मागे पडतात, मग आकडा आधी घसरतो आणि नंतर एकदम उसळतो. त्यामुळे पथ्य पाळणाऱ्याने सात दिवसांची सरासरी पाहावी. तिला 'सरकती सरासरी' म्हणतात. इथे 'सरकती' शब्द चपखल बसलाय, तो बदलू नका.

रेघोट्या
'मुद्दाम टाळणे' पाहणीपुरते, बाकी पथ्य आणि लंघन. 'पराङ्मुखता' खोडली.