शेवटची बस किती वाजता? घरातली गाडी कमी केलेल्या गोवेकरांचे अनुभव

निमंत्रण : फोंडा तालुका, पणजीत नोकरी

२०२२च्या दिवाळीनंतर आम्ही घरातली मोटार विकली. कार्यालय पणजीत, घर फोंड्याजवळच्या गावात, दोन मुले शाळेत जाणारी; अशा घराने मोटार विकली की शेजारी प्रथम हलक्या आवाजात विचारतात, "काही अडचण आहे का?" अडचण काही नव्हती. त्याआधी वर्षभर मी एका वहीत गाडीचा हिशेब लिहीत होते. त्या वहीतून हप्ता, विमा आणि पेट्रोल यांच्याइतकेच ठळकपणे दिसले ते असे की, ही मोटार आठवड्यातले पाच दिवस सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत पणजीत उन्हात उभी असते, आणि तिला उभी करायला जागा मिळावी म्हणून मी रोज वीस मिनिटे आधी घर सोडते.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या घरात होती. राज्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या त्या आकड्याच्याही पुढे गेली आहे. गोवेकराला गाडीची हौस आहे असे यावर सर्रास म्हटले जाते, पण मला ते अर्धेच खरे वाटते. पुष्कळांनी गाडी घेतलेली असते ती संध्याकाळी साडेसातनंतर घरी पोचता यावे म्हणून. आणि घेतलीच आहे तर मग ती दिवसाही चालवली जाते. माझे स्वतःचे तसेच होते. पणजीहून फोंड्याच्या बसस्थानकापर्यंत पोचणे हा प्रश्न नाही, त्या मार्गावर बस मिळते. तिथून गावापर्यंतचे चार किलोमीटर हा प्रश्न आहे, कारण गावाकडे वळणारी शेवटची खासगी बस सव्वासातला सुटते. त्यानंतर पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकलवाला, मिळाला तर मिळाला, नाहीतर यजमान स्कूटर घेऊन येतात. म्हणजे मोटार गेली तरी स्कूटर राहिली आहे, हेही प्रांजळपणे सांगते.

ज्यांनी गाडी विकली, घेतली नाही, दोनांची एक केली किंवा विकून पुन्हा घेतली, त्यांनी लिहावे. कशावाचून अडले ते सविस्तर लिहावे. ज्यांना जमले नाही त्यांनी तर अवश्य लिहावे. उपदेश मात्र कृपया नको.

दिवाडी बेट, वय ३४

आमच्या बेटाला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या तिन्ही बाजूंना फेरीबोटच न्यावी लागते, आणि त्यामुळे आम्हा दिवाडीकरांना घड्याळाची जी सवय असते ती पुलापलीकडच्या माणसाला कळणे कठीण आहे. मी पाच वर्षे मोटार बाळगली. सकाळी फेरीच्या रांगेत मोटार लावली की पुढे तीन-चार मोटारी असल्या तरी पोटात गोळा येई, कारण एका फेरीत मोटारी मोजक्याच मावतात आणि एक फेरी चुकली की अर्धा तास गेलाच म्हणून समजावे. याच रांगेच्या कडेने पाव विकून परतणारा पोदेर आपली सायकल घेऊन सरळ बोटीवर चढत असे. पावाची रिकामी टोपली, म्हणजे पांटलो, मागे बांधलेली, हॉर्न खिशात. तो कधीही, एकदाही, मागे राहिलेला मी पाहिला नाही.

शेवटी मीही सायकल घेतली. आता घरापासून धक्क्यापर्यंत बारा मिनिटे, मग फेरी, मग रायबंदरपासून पणजीपर्यंत सायकल. पायी प्रवाशाला फेरीचे भाडे नाही आणि माझ्या सायकललाही आजवर कोणी काही मागितलेले नाही. रायबंदरहून पणजीला येताना लागणारा जो सुमारे तीन किलोमीटरचा बांध आहे, तो पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ मध्ये बांधला गेला. दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरांची सपाट जमीन असल्यामुळे चढ असा नाहीच. बैलगाडी आणि पालखीच्या काळात बांधलेला हा रस्ता गोव्यात सायकलला सर्वांत सोयीचा असावा, याची मला अजून गंमत वाटते. सायकलसाठी वेगळी पट्टी त्यावर नाही. मागून बस आली की मी कडेच्या कठड्याला खेटतो, आणि संध्याकाळचा समोरून येणारा वारा पेडल दुप्पट जड करतो.

पावसाळ्याचे विचाराल तर जून आणि जुलैमध्ये महिन्यातून दहा-बारा दिवस मी सायकल धक्क्यावर ठेवून पलीकडे बस पकडतो. ऑगस्टात बोंदेराच्या, म्हणजे आमच्या बेटावरच्या झेंड्यांच्या उत्सवाच्या, दिवशी मात्र सायकलवालाही रांगेतच असतो. त्या दिवशी फेरीवर पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब.

डिचोली, निवृत्त शिक्षक

माझ्या लहानपणी बसला 'कारेर' म्हणत. तिच्या टपावर फणस, कोंबड्यांच्या पाट्या आणि एखाद्या नवरीची पेटी असे सगळे एकत्र प्रवास करी. १९८० साली कदंब हे सरकारी बस महामंडळ आले तेव्हा शिक्का मारलेल्या तिकिटाचे आम्हाला अप्रूप वाटले होते. मी आयुष्यभर गाडी घेतली नाही. त्याचे कारण तत्त्व नव्हते, पगार होता. आता निवृत्तिवेतनात घेता येईल, पण नको वाटते. एकच गोष्ट नमूद करतो. लग्नाला किंवा बारशाला गेलो की यजमान दारातच विचारतात, "सर, बसने आलात? गाडी पाठवली असती ना!" त्यांच्या बोलण्यात माया असते, पण बसने येणे ही काहीतरी गैरसोय सोसून केलेली गोष्ट आहे हा समजही असतो. बसमध्ये दिवसा पाहावे तर विद्यार्थी, बाया आणि माझ्यासारखे म्हातारे. तिशी-चाळिशीचे पुरुष बोटावर मोजण्याइतके.

मडगाव, पणजीत कार्यालय

पणजी–मडगाव शटलबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. खिडकीवर तिकीट काढा, रांगेत उभे राहा, बसा. मध्ये थांबा नाही, कंडक्टर नाही, "फुडें वच, फुडें वच" असे ओरडणे नाही. जुवारी नदीवरच्या जुन्या पुलावर तासन्‌तास अडकण्याचे दिवस मी भोगले आहेत. नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये एका बाजूने आणि पुढच्या वर्षअखेरीस दुसऱ्या बाजूने खुला झाला, तेव्हा पुष्कळ सहप्रवाशांनी शटल सोडून गाडी धरली, कारण आता गाडीने लवकर पोचता येते. मी शटलमध्येच राहिलो. पूल बांधल्याने गाड्या वाढतात हे कुठे वाचण्याची गरज मला पडली नाही. माझ्या शेजारची रिकामी झालेली आसने मी मोजली आहेत.

म्हापसा, वडिलांच्या वतीने

माझे वडील सव्वीस वर्षे पायलट आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते की गोव्यात 'पायलट' म्हणजे परवानाधारक भाड्याच्या मोटारसायकलचा चालक. पिवळ्या मडगार्डवरून ही मोटारसायकल दुरून ओळखता येते. मीटर नाही, बसण्यापूर्वी भाडे ठरते. शुक्रवारच्या बाजाराला पूर्वी त्यांना जेवायला उसंत नसे. घरोघरी स्कूटर आल्यापासून दिवसा ते झाडाखाली पेपर वाचत बसतात. परंतु रात्रीचे चित्र वेगळे आहे. पणजीहून आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास जी बस येते तिच्यातून उतरणारे तीन प्रवासी त्यांचे ठरलेले आहेत, आणि त्या तिघांपैकी दोघांनी आपली दुसरी गाडी काढून टाकलेली आहे. एक परिचारिका आहे, तिला ते दर खेपेच्या भाड्याऐवजी महिन्याच्या हिशेबाने नेतात. बस उशिरा आली तर बाबाही थांबतात. परवा जोरदार पावसात बस नऊला आली, तोवर ते थांबले होते. घरी मात्र आईने दोनदा भात गरम केला. या थांबण्याचा उल्लेख कुठल्याही वेळापत्रकात नसतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

सत्तरी, गृहिणी

आम्हाला जमले नाही. वाळपईजवळचे आमचे गाव बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापासून पन्नासएक किलोमीटर पडते. सासऱ्यांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा सुरू झाले तेव्हा आम्ही गाडी विकून आठ महिने झाले होते. पहिले तीन आठवडे बस बदलत गेलो. जाताना निभावते. परतताना चार तासांच्या उपचारानंतर गळून गेलेल्या माणसाला स्थानकावर उभे ठेवणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच कळेल. भाड्याची टॅक्सी दोनदा केली आणि तिसऱ्यांदा हिशेब केला. जुनी गाडी पुन्हा घेतली. गावातल्या आणखी दोन रुग्णांना आता त्याच गाडीतून नेतो, म्हणजे ती रिकामी धावत नाही. तरी हा धागा वाचताना मला थोडी अपराधी भावना येते, आणि ती येऊ नये असेही वाटते.

वेर्णा औद्योगिक वसाहत, अभियंता

आम्ही चौघे, चार गाड्या, एकच रस्ता. पाळीपाळीने एकाच्या गाडीतून जायचे ठरवले. पैसे घेत नाही, याचे कारण खासगी नोंदणीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेणे म्हणजे १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवान्याविना धंदा करणे होय. पेट्रोलही ज्याचा आठवडा त्याचेच. गंमत अशी झाली की प्रत्येकाची गाडी चारपैकी तीन आठवडे घरी उभी राहू लागली, आणि वर्षाच्या आत दोघांनी ती विकून टाकली. उरलेल्या दोन गाड्यांच्या पाळ्या वाढल्या, तेव्हा पेट्रोलची वाटणी चहाच्या पैशांसारखी गुपचूप सुरू झाली ती पुन्हा बंद करावी लागली. आता गाडी नसलेले दोघे दुपारच्या जेवणाचा खर्च उचलतात. भांडणे पैशांवरून झालीच नाहीत. एकाला सकाळी भजने हवीत, एकाला बातम्या, तिसऱ्याला झोप. चौथा रोज सहा मिनिटे उशिरा येतो आणि तो मीच आहे.

पणजी, पूर्वी चार वर्षे लिस्बनमध्ये

लिस्बन सात टेकड्यांचे शहर आहे असे सांगतात. आल्तिनो टेकडीचा चढ पाहून "पणजीत सायकल शक्य नाही" म्हणणाऱ्यांना मी तिथले सांगतो. २०१७ मध्ये तिथे 'जिरा' नावाची सार्वजनिक सायकल सेवा सुरू झाली, तिच्यात विजेवर चालणाऱ्या सायकली भरपूर असल्यामुळे चढाचा बाऊ उरला नाही. परंतु माझ्या मते खरा फरक पाडला तो एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या एका पासने. त्याआधी बस, मेट्रो, लोकल, नदीवरची बोट यांच्या पासांचे जंजाळ होते. त्यानंतर महिन्याला ४० युरोंत महानगर परिसरातल्या अठराही नगरपालिकांत हिंडता येऊ लागले. मी नदीच्या पलीकडे राहत होतो. बोटीतून उतरून मेट्रोत शिरताना नवे तिकीट काढावे लागत नाही, एवढ्या एका गोष्टीने गाडी घेण्याचा विचार माझ्या मनातून गेला.

सायकलपट्ट्यांचे तिथेही सगळे गोड नव्हते. आल्मिरांते रैश या मोठ्या रस्त्यावर २०२० मध्ये सायकलपट्टी आखली, तेव्हा दुकानदार आणि मोटारचालक खवळले आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला. इथे परतल्यावर मी एवढे शिकलो आहे की नुसत्या रंगाने पट्टी होत नाही. जिथे कठडा किंवा उंचवटा नाही तिथे ती पट्टी दुपारपर्यंत पार्किंग होते आणि संध्याकाळी भेळवाल्याची जागा. भेळवाल्यावर माझा राग नाही. मी सध्या सायकल आणि शहरातली इलेक्ट्रिक बस यांवर भागवतो, रात्री उशीर झाला तर चालत येतो. पणजी एवढीशीच आहे. पण हे पणजीत राहणाऱ्याचे सुख आहे. दिवाडीच्या किंवा सत्तरीच्या माणसाला ते सांगताना मी जपून बोलतो.

निमंत्रकाची जोड

हे सगळे वाचल्यावर आमच्या गावातल्या चार जणांनी मिळून सव्वासातच्या बसच्या मालकाशी बोलणे केले. पणजीहून सहाला सुटणाऱ्यांना ती बस जेमतेम पाच मिनिटांनी चुकते, म्हणून ती साडेसातला सोडावी एवढेच मागणे होते. तो म्हणाला, बाय, परवान्यावरची वेळ बदलून घ्यायची म्हणजे माझे चार दिवस फुकट जाणार. रोज येणारी पंधरा माणसे दाखवा, मग मी कागद घालतो. कालपर्यंत अकरा नावे झाली आहेत. त्यांतले दोघे म्हणतात, बसची वेळ बदलली तर स्कूटर घेण्याचे लांबणीवर टाकू. फोंड्याहून आमच्या बाजूला येणारे आणखी कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी आपला थांबा कळवावा.